दौलताबाद: वाटेपलीकडचे नगर

‘तुघलकी कारभार’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की, त्यामागे एक आखलेले नगर होते हे आपण विसरलो. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने यादवांच्या देवगिरीला दौलताबाद करून राजधानी तिथे नेली. पुढे उरली ती दिल्ली ते देवगिरी या वाटेची गोष्ट.

गिरीश कार्नाडांचे ‘तुघलक’ (१९६४) विजय तेंडुलकरांच्या अनुवादातून मराठीत आले. त्यातला वाटेवरच्या तळाचा प्रवेश मला अजूनही सर्वांत खरा वाटतो. ब्राह्मणाचे सोंग घेतलेला अझीझ आजारी मुलाच्या आईकडे लाच मागतो. सुलतानाचे धोरण रयतेपर्यंत कोणत्या हातांतून पोहोचते, हे त्या एका मागणीत कळते. पण नाटक दौलताबादेत पोहोचले की नगर नाहीसे होते. उरतो किल्ला, त्यातला अंधारा भुयारी मार्ग आणि झोप हरवलेला सुलतान. देवगिरीच्या मूळ रहिवाशाला तर ठळक पात्र म्हणूनही जागा नाही. नाटककाराने राजाचे मन निवडले, हा त्याचा अधिकार. माझी तक्रार आहे ती या नाटकालाच इतिहास मानणाऱ्या आपल्या समीक्षेविषयी.

अल्-उमरी हा अरबी लेखक हिंदुस्थानात कधी आला नाही. पाहून आलेल्यांकडून ऐकून त्याने या नगराची आखणी नोंदवली. सैनिक, वजीर व लेखनिक, काझी व विद्वान, शेख व फकीर, व्यापारी व कारागीर अशा प्रत्येक वर्गाला वेगळा मोहल्ला. प्रत्येक मोहल्ल्यात मशीद, बाजार, हमामखाना, पिठाची गिरणी, भट्टी. सोनार, रंगारी, चांभारही तिथेच. एका मोहल्ल्याला दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागू नये म्हणून. काम मात्र तेव्हा अपुरेच होते.

अक्कलकुव्यात राहून ही यादी वाचताना मला १९७९ चा नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा आठवतो. १०० कुटुंबांमागे तीन खोल्यांची शाळा. ५०० कुटुंबांमागे पंचायतघर, दवाखाना, बियाणे-गोदाम, तलाव. ५० कुटुंबांमागे गुरांच्या हौदासह विहीर आणि झाडाखालचा पार. याच तालुक्यातली मणिबेली सरदार सरोवराच्या बुडितात गेली. सुलतान आणि लवाद यांना एका तागडीत घालणे अन्यायाचे होईल. लवाद विस्थापितांचे हक्क लिहून ठेवत होता. पण दोन्ही याद्यांची भाषा सारखी आहे. काय काय बांधायचे ते नेमके, आणि नदी, जंगल, शेजार यांना रकानाच नाही. पाराचा आकडा ठरवता येतो, त्यावर कोण कोणाशेजारी बसेल ते ठरवता येत नाही. म्हणून तुघलकाची चूक केवळ लहरीत शोधणे मला अपुरे वाटते. ती आखणीतही आहे, आणि ही आखणी चांगल्या बुद्धीची होती, हीच अडचण.

साक्षीदारही तपासून घ्यावे लागतात. इसामीचे नव्वदीचे आजोबा या स्थलांतरात पहिल्याच मुक्कामी, तिलपतला वारले. त्याचा राग खरा आहे. पण त्याने ‘फुतूह-उस्-सलातीन’ १३५० मध्ये पुरे केले ते दख्खनमध्ये, तुघलकाविरुद्धच्या बंडातून गादीवर आलेल्या बहमनी सुलतानाच्या आश्रयाने. उलट इब्न बतूता आंधळ्याला दिल्लीहून फरफटत नेल्याची, केवळ पाय पोहोचल्याची भीषण कथा सांगतो आणि चाळीस दिवसांच्या त्याच वाटेवर दुतर्फा झाडे असल्याने बागेतून चालल्यासारखे वाटते, असेही लिहितो. सावलीची व्यवस्था होती, माणसे तरीही मेली. या दोन वाक्यांना एकत्र धरणारी समीक्षा माझ्या वाचनात आलेली नाही.

इब्न बतूता दौलताबादेत आला तेव्हा दरबार दिल्लीला परतून काही वर्षे झाली होती. त्याला तिथे गायकांचा ‘तरबाबाद’ नावाचा मोठा बाजार दिसला. सजवलेल्या दुकानांत गायिका, मधोमध गालिचे अंथरलेली घुमटी, आणि दर गुरुवारी असरच्या नमाजानंतर तिथे येऊन बसणारा गायकांचा प्रमुख. अल्-उमरीच्या मोहल्ल्यांत या बाजाराचे नाव नाही.