‘श्यामची आई’ : मृत्यू, नाते आणि कुमारवयीन आत्मभान
मराठी कुमारसाहित्याच्या चर्चेत ‘श्यामची आई’ बहुधा संस्कारकथा म्हणून वाचली जाते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या कथनाचा गाभा मात्र मृत्यू आहे. पहिल्याच रात्री श्याम आजारी आईऐवजी, मुले हसतील म्हणून लाजत, वडाला प्रदक्षिणा घालतो. यमाला परतविणाऱ्या सावित्रीचे हे व्रत पुढील वियोगाची छायाच होय. अखेरीस पुण्याला शिकणारा श्याम घरी पोहोचतो तेव्हा आईचे दहन होऊन गेलेले असते. अंत्यदर्शन हुकलेला हा मुलगा मोठेपणी आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्री आईच्याच आठवणी सांगत राहतो. सोबत्यांशी जिव्हाळा आणि स्वतःची ओळख त्याला या कथनातूनच लाभते. भावविवशतेचा आक्षेप काही रात्रींना लागू पडतो. दहनानंतरच्या त्या आगमनाला नाही.