बीच बॉइज, द

अमेरिकेतील एक विख्यात रॉक वृंद. कॅलिफोर्निया राज्यातील हॉथॉर्न येथे १९६१ मध्ये ब्रायन (१९४२–२०२५), डेनिस (१९४४–८३) व कार्ल (१९४६–९८) हे विल्सन बंधू, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि ब्रायनचा शाळासोबती ॲल जार्डीन यांनी तो स्थापन केला. फळीवर उभे राहून सागरलाटांवर स्वार होण्याचा खेळ, मोटारी आणि तारुण्यातील सुखे हे त्यांच्या आरंभीच्या गीतांचे विषय. प्रत्यक्षात त्या खेळात खरा रमणारा एकटा डेनिसच होता. ‘सर्फिन यूएसए’ (१९६३) ची चाल चक बेरीची आहे. स्वरमेळाचा आदर्श मात्र ‘फोर फ्रेशमेन’ ह्या जॅझ गायकचमूचा.

१९६४ च्या अखेरीस ब्रायनने दौरे सोडून ध्वनिमुद्रणास वाहून घेतले. पेट साउंड्स (१९६६) मधील बहुतेक वादन व्यावसायिक वादकांचे आहे. म्हणून हा संग्रह म्हणजे एकट्या ब्रायनची निर्मिती, असे म्हणण्याचा प्रघात पडला. रचना व वाद्ययोजना ह्यांपुरते ते रास्त होय. तथापि एकाच कुटुंबात वाढलेल्या गळ्यांचा एकजीवपणा वगळल्यास त्या रचनांचा प्राणच हरपतो. ‘गॉड ओन्ली नोज’ मधील कार्लचा निर्मळ, अनाग्रही स्वर ह्याची साक्ष देतो. प्रौढत्वाच्या उंबरठ्यावरील साशंकता ह्या संग्रहात प्रथमच इतक्या उघडपणे व्यक्त झाली. इंग्लंडमध्ये त्याचे अमेरिकेपेक्षा अधिक स्वागत झाले. ‘गुड व्हायब्रेशन्स’ (१९६६) हे गीत निरनिराळ्या ध्वनिमुद्रणगृहांत तुकड्यातुकड्यांनी मुद्रित करून जोडलेले आहे. पण ते सांधे कानाला खटकत नाहीत.

नात्याचे हे बळ जाचकही ठरले. व्यवस्थापक असलेल्या वडिलांना, मरी विल्सन यांना, मुलांनी १९६४ मध्ये दूर केले. त्यांनी १९६९ मध्ये गीतांचे प्रकाशनहक्क विकून टाकले. स्माइल हा महत्त्वाकांक्षी संग्रह ब्रायनचे ढासळलेले मनःस्वास्थ्य व अंतर्गत मतभेद यांमुळे १९६७ मध्ये अपूर्ण राहिला. १९६८ मध्ये महर्षी महेश योगी यांच्यासमवेत काढलेला दौराही अर्ध्यावर सोडावा लागला.

सनफ्लॉवर (१९७०) हा सर्व सदस्यांच्या सर्जनशीलतेचा प्रत्यय देणारा संग्रह उपेक्षित राहिला. उलट जुन्या गीतांचे एंडलेस समर (१९७४) हे संकलन अग्रस्थानी पोहोचले. ह्या यशाने वृंदाला पुन्हा लोकप्रियता दिली आणि स्वतःच्याच भूतकाळात कोंडूनही ठेवले. ‘कोकोमो’ (१९८८) चे यश ब्रायनच्या सहभागाविना मिळालेले आहे. स्माइल ब्रायनने २००४ मध्ये अन्य साथीदारांसह नव्याने सिद्ध केला; बंधूंच्या आवाजांतील मूळ मुद्रणे २०११ मध्ये प्रकाशित झाली, तेव्हा डेनिस व कार्ल हयात नव्हते.