‘उचल्या’ आणि आपण वाचणारे

मंडळी, आज लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’बद्दल बोलू. हे आत्मकथन १९८७ साली आलं, त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखक आपल्या शेजारचाच, लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचा.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही एक साधा भेद शिकवत असू: माणूस काय करतो आणि माणूस काय असतो. चोरी ही कृती. तिला पुरावा लागतो, शिक्षेला मुदत असते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं हा भेदच पुसला. जन्म हाच पुरावा ठरला. आणि जन्माला कसली मुदत? कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण ‘चोरी केली’ऐवजी ‘चोरच आहेत’ म्हणायची सवय गेली नाही.

‘उचल्या’चं बळ असं, की लेखक पोलिसांना सोडत नाही आणि आपल्या माणसांनाही सोडत नाही. पोरगा शाळेत गेला म्हणून वस्तीत रोगराई आली, असं त्याचेच लोक म्हणतात. तेही तो लिहितो.

आमची तक्रार आहे ती वाचकांबद्दल, त्यात आम्हीही आलोच. पुस्तक आरोपाला उत्तर देतं, म्हणून त्यात मार, भूक, चोरी पुढे येतात. आपण ‘दाहक अनुभव’ म्हटलं आणि पुस्तक मिटलं. या लोकांना भाषा आहे, कसब आहे, हे विचारायचं राहूनच गेलं.

आपल्या बीड जिल्ह्यातले फासेपारधी घ्या. नावातच फास आहे. तितर कुठे उतरतो, ससा कुठून निघतो, ही पिढ्यांची विद्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गुन्हा ठरली. प्राणी वाचवणं योग्यच. पण आधी जन्म गुन्हा होता, आता धंदाही गुन्हा झाला. घरची बोली गुजरातीच्या जवळची. पोर शाळेत गप्प बसलं की आपण त्याला ‘मठ्ठ’ म्हणतो.

सायबेरियात तोफालर नावाचे थोडेसे शिकारी, रेनडियर पाळणारे तुर्की भाषिक लोक आहेत. सोव्हिएत राजवटीनं त्यांना तीन गावांत बसवलं, शाळा रशियन दिली. आता त्यांची भाषा बोलणारे मोजकेच उरलेत. घर मिळालं, बोली गेली. आपल्याकडे तर पुष्कळांना घरही मिळालेलं नाही.

तेव्हा ‘उचल्या’ पुन्हा वाचा. आणि गावात चोरी झाली की पहिलं बोट कोणत्या पालाकडे जातं, तेवढं बघा. पुस्तक तिथून कळायला लागतं.