एक मिनिट बारा सेकंदांचा प्लेटो

गेली दोन वर्षं आमच्या घरात सर्वांत जास्त वाचलं जाणारं पुस्तक मी आज परीक्षणाला घेतलं आहे. त्याला लेखक नाही, किंमत नाही, प्रस्तावना नाही. पानं मोजकीच. नाव : 'सेट परीक्षा, राज्यशास्त्र, अभ्यासक्रम'. माझी भाची त्याची पारायणं करते. गुरुचरित्राचं पारायण सात दिवसांत उरकतं. हे तिसऱ्या खेपेला चालू आहे आणि फळ अजून पदरात नाही.

2019 पासून लागू झालेल्या या ग्रंथाचे दहा घटक. दुसऱ्यात कन्फ्यूशिअसपासून रॉल्सपर्यंत सोळा विचारवंत लग्नपत्रिकेतल्या 'आपले विनीत'सारखे एकाखाली एक उभे आहेत. कोणाचं कोणाशी काय नातं, हे पत्रिकेत कधी कळतं का? तसंच इथे. पात्रपरिचय दणदणीत; नाटक मात्र वाचकानं आपापलं लिहून घ्यायचं.

तिसरा घटक भारतीय विचारांचा. त्यात कबीर आणि पंडिता रमाबाई पाहून मी मनातल्या मनात हात जोडले. टिळक, सावरकर, आंबेडकर, लोहिया सगळे आहेत. जोतीराव फुले मात्र नाहीत! मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नाहीतच. यादी पडली दिल्लीच्या आयोगाची. पण आपल्याकडे ही परीक्षा घेतं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. म्हणजे दारावर पाटी बाईंची आणि घरात यजमानांना पाट नाही.

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. भाची तासिका तत्त्वावर शिकवते. एकदा तिच्या वर्गाबाहेर उभा राहून मी हॉब्ज ऐकला. "समजा, एसटी फलाटावर लागली आणि कंडक्टरच नाही," ती म्हणाली, "तर काय होईल?" पोरं ओरडली, "खिडकीतून रुमाल टाकायचे!" "आणि दुसऱ्यानं तुमचा रुमाल फेकून दिला तर?" वर्गात मारामारीच व्हायची बाकी राहिली. मग तिनं विचारलं, "आता तुम्हीच सांगा, कंडक्टर हवा की नको? आणि त्यालाच दांडगाई सुचली तर?" मागच्या बाकावरचा एक मुलगा खिडकी सोडून तिच्याकडे बघायला लागला.

आणि परीक्षेत काय? ग्रंथ आणि साल यांच्या जोड्या लावा. 'लेव्हायथन' 1651, रूसोचा 'सामाजिक करार' 1762. शंभर प्रश्न, दोन तास. म्हणजे दर प्रश्नाला एक मिनिट बारा सेकंद. न्याय म्हणजे काय हे ठरवायला प्लेटोला दहा खंड लागले, हे त्याचं नशीब. तो इथे नापास झाला असता. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे जोड्या लावताना देवाचं नाव घ्यायलाही हरकत नाही.

बरं, अध्यापनाची अभिवृत्ती तपासतच नाहीत असं नाही हो! पहिल्या पेपरात तो घटक आहे. पाचेक प्रश्न, दहा गुण, एकूण तीनशेपैकी. आदर्श शिक्षक कसा असावा, चारांतला एक पर्याय निवडा. तो मागच्या बाकावरचा मुलगा कुठल्याच पर्यायात नसतो. सगळं करून निकाल परीक्षार्थींच्या शेकडा सहांना मिळणार. कॉलेजला तिच्या शिकवण्याबद्दल तक्रार नाही. पण सेट नाही म्हणजे तासावर पैसे, आणि उन्हाळ्यात तास नाहीत म्हणजे तेही नाहीत.

"मामा, तुम्ही हे असलं काहीतरी लिहू नका," भाची म्हणाली, "त्यापेक्षा मला सालं विचारा."

अभ्यासक्रमाची एक प्रत तिनं फ्रीजला चिकटवली आहे, सालांचा कागद ओट्यावरच्या भिंतीला. मी विचारलं, "लेव्हायथन?"

ती आठवायच्या आत आतून सौ. म्हणाली, "सोळाशे एक्कावन्न! आणि चहा गाळलाय, दोघंही या."