‘महापात्र’ म्हणजे कोण? आडनावावरून जात ठरवण्याआधी

आडनावांवरच्या लेखांत एक ठरलेला युक्तिवाद असतो: अमुक आडनाव म्हणजे तमुक हुद्दा, म्हणून ही माणसं अमुक जातीची. संशोधनाचा आराखडा लिहिताना हा युक्तिवाद फार सोयीचा वाटतो. नावांची यादी घ्यायची, आडनावं बघायची, जातीचे रकाने भरायचे. हे कुठे मोडतं, ते ओडिशातल्या ‘महापात्र’ या आडनावावर तपासून बघा.

आधी शब्द. मराठीत पात्र म्हणजे भांडं, नदीचं पात्र, नाटकातलं पात्र. मध्ययुगीन ओडिशाच्या दरबारात मात्र पात्र म्हणजे मंत्री किंवा वरिष्ठ अधिकारी, आणि महापात्र त्याहून मोठा. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथ कविराज १४व्या शतकातला, ओडिशाचा. तो स्वतःला ‘सांधिविग्रहिक महापात्र’ म्हणवतो. म्हणजे तह आणि युद्ध यांचा कारभार पाहणारा मोठा अधिकारी.

आता नीट बघा. इथे ‘महापात्र’ हुद्द्याला जोडून, नावाच्या आधी येतं. आज ते नावाच्या शेवटी येतं. म्हणजे या पुराव्यावरून पदवी सिद्ध होते, आडनाव नाही. दोन्हींच्या मधल्या काळात काय झालं, हाच तर खरा संशोधनाचा प्रश्न! आणि तोच प्रश्न असे लेख ‘म्हणून’ या एका शब्दात उरकून टाकतात.

त्या ‘म्हणून’ची किंमत बघा. ‘महापात्र’ दिसलं की ब्राह्मण, असं धरलंत तर ओडिसी नृत्याचे गुरू केलुचरण महापात्र (१९२६–२००४) चुकीच्या रकान्यात जातात. ते रघुराजपूरच्या चित्रकार घराण्यातले. कवी जयंत महापात्र (१९२८–२०२३) ख्रिस्ती कुटुंबातले. उलट उत्तर भारतात अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणांनाही महापात्र म्हणतात. शब्द तोच, समाज वेगळा, मानही वेगळा.

शिवाय ओडिया उच्चारात ‘अ’ हा ‘ऑ’कडे झुकतो. त्यामुळे रोमन लिपीत ‘महापात्र’ आणि ‘मोहापात्र’ अशी दोन्ही रूपं सापडतात. संगणकाला ती दोन वेगळी आडनावं वाटतात आणि तुमची मोजणी तिथेच फसते.

आडनावं पुरावा म्हणून वापरूच नका, असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक वेळी तीन प्रश्न वेगळे ठेवा. शब्दाचा अर्थ काय? ही पदवी कोण, कुठे, कधी वापरत होतं? आणि या घराण्याकडे ती आडनाव म्हणून कशी आली? पहिल्याचं उत्तर कोशात मिळेल, दुसऱ्यासाठी शिलालेख आणि ग्रंथ बघावे लागतील, तिसऱ्यासाठी वंशावळी आणि देवस्थानांचे, जमिनीचे कागद. पहिलं उत्तर तिसऱ्याच्या जागी चिकटवलंत, तर तोंडी परीक्षेत कुणीतरी नेमकं तिथेच बोट ठेवेल. आणि ते बरोबरच असेल.