फाळके यांचे वाटाण्याचे रोप आणि गतीचा आभास

वाटाण्याच्या दाण्यापासून रोप वाढताना दाखविणारा दादासाहेब फाळके यांचा १९१२ मधील लघुपट सर्वश्रुत आहे. रोज एक याप्रमाणे महिनाभर चित्रे घेतली आणि मिनिटभराचा पट सिद्ध झाला, असे त्याविषयी बहुधा लिहिले जाते. हे विधान साध्या गणिताच्या कसोटीस उतरत नाही. मूकपटाची गती सेकंदाला सुमारे १६ चित्रे धरली, तर ३० चित्रे दोन सेकंदांतच सरतात. मिनिटासाठी ९६० हवीत, म्हणजे महिनाभर दररोज ३२. नाहीतर प्रत्येक चित्र पुनःपुन्हा छापावे लागेल, आणि मग रोप वाढण्याऐवजी थबकत, उड्या मारीत जाईल. ही चूक क्षुल्लक नव्हे. दोन चित्रांतील अंतरावरच गतीचे रूप अवलंबून असते.

या आभासाचे कारण म्हणून ‘दृष्टिसातत्य’ सांगण्याचा पाठ्यपुस्तकी प्रघातही अपुराच. डोळ्यांत रेंगाळणारी प्रतिमा फार तर दोन चित्रे एकमेकांवर चढवील. एकच वस्तू सरकली असा प्रत्यय त्यातून येणार नाही. ही गती पाहण्याच्या क्रियेतच घडते, हे माक्स वेर्थायमर यांनी (योगायोगाने १९१२ सालीच) प्रयोगांच्या आधारे प्रतिपादिले.

मग यास सरसकट ‘भ्रम’ म्हणावे काय? फाळके यांच्याच ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या हाताने हलवून एकेक चित्र घेतलेले आहे, ती गती काड्यांची नव्हे. रोपाची वाढ मात्र खरी, केवळ तिचा वेग कृत्रिम. पडद्यावर दोन्ही सारखीच सजीव भासतात. समीक्षेतही दोहोंना ‘चमत्कृती’ या एकाच सदरात टाकले जाते, आणि रोपाच्या पटातील शास्त्रीय निरीक्षण नजरेआड होते.