वेषांतर आणि रूपांतर

हास्ब्रो या अमेरिकन कंपनीने २००८ साली ‘ट्रान्सफॉर्मर्स क्रॉसओव्हर्स’ या खेळण्यांच्या मालेत मार्व्हल चित्रकथांतील वीरांना यंत्ररूप दिले. हल्कचा रणगाडा होतो, आयर्न मॅनचे जेट विमान. संग्राहकाने या मालेचे मोल कसे करावे?

१९८४ च्या मूळ ट्रान्सफॉर्मर्समध्ये वाहन हे यंत्रमानवाचे वेषांतर होते. रस्त्यावरील साध्या गाडीत कोणी दडले असेल, या शंकेतच त्या खेळण्याचे सारे नाट्य होते. (ती खेळणी मूळची जपानी, त्यांतील बहुतेकांना नावे व स्वभाव मार्व्हलच्याच लेखकांनी दिले, हेही ध्यानात ठेवावे.) हल्कच्या रणगाड्यात कोण दडतो? १९६२ च्या चित्रकथेत ब्रूस बॅनरचा हल्क होतो तो त्याच्या इच्छेविरुद्ध. भयाचे मूळ त्या रूपांतरात आहे. या खेळण्यात बॅनरला जागाच उरलेली नाही. बलाचेच पुन्हा बल झाले, इतकेच. आयर्न मॅनविषयी आमची तक्रार सौम्य आहे. कवच हेच ज्याचे सामर्थ्य, त्याचे विमान होणे पटण्यासारखे आहे.

फळीवर हल्क उभा केला, की रणगाड्याची उणीव भासत नाही. ऑप्टिमस प्राइम उभा असता मात्र त्याच्या छातीवर मालमोटारीच्या काचा दिसत राहतात.